पहिल्या खेपेची रीत

वीरण्णाला डंपर चालवता येत होता, यात काही शंका नव्हती. लायसन होतं, हात बसला होता, पाय ब्रेकवर पोचत होता. अडचण एकच. गेली बावीस वर्षं त्यानं बैलगाडी हाकली होती, आणि गाडीत माल कसा भरावा हे आपल्याला कुणी शिकवावं, हे त्याला मुळीच खपत नव्हतं.

दुष्काळापायी त्याची बैलं चाऱ्यासाठी देगलूरकडं, सासऱ्याच्या गोठ्यात गेली होती. सासरा सिद्रामप्पा आल्यागेल्याला सांगे, "बैलं आलीत, आता जावईबी येईल मागोमाग." सासऱ्याच्या दारात भाकर मोडण्यापेक्षा वीरण्णाला विहीर जवळ करणं बरं वाटे, पण विहिरीतही पाणी नव्हतं. तेवढ्यात लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेरीचा पाया खोदायला घेतला आणि दगड आणायला चार ड्रायव्हर हवेत असं कळलं. आज परीक्षा होती. एक खेप नीट भरून, नीट नेऊन, नीट ओतली की नोकरी पक्की. नाहीतर देगलूरची एसटी.

खदानीत मुकादम शेषेरावांनी चौघा नव्या ड्रायव्हरांना उभं करून तंबी दिली. "गाडी लोडरखाली लावायची अन् केबिनमधी गप बसायचं. खाली उतरायचं न्हाई. भरणाऱ्याला शाणपणा शिकवायचा न्हाई. कळलं का?"

"हाव," चौघं म्हणाले. त्यात वीरण्णाचाच आवाज मोठा होता.

पहिला नंबर त्याचाच लागला. लोडरवाल्या भीमाशंकरनं दगडांची पहिली बकेट हौद्याच्या मधोमध ओतली. वीरण्णा मान वळवून बघत होता. दुसरी बकेट जरा मागं पडली. झालं! मुकादम पाणी प्यायला वळले आणि हा पठ्ठ्या टुणकन खाली.

"ए भीमाशंकर! मागं कशापायी टाकायलास? गाडी उलाळंल की, तोंड वर करंल!"

"वीरण्णा, डंपर हाय हे. ह्याला काय बैलं जुपलीत?"

"मला नको शिकवू. वझं धुरंवर पायजे. समदं म्होरं टाक."

भीमाशंकरनं कपाळावर हात मारला आणि उरलेला सगळा दगड केबिनच्या पाठीशी रचून दिला. वीरण्णा खूश झाला. वाटेत गाडी कशी पाण्यासारखी चालली! पाणी पिऊन शेजारी येऊन बसलेले शेषेरावही म्हणाले, "चाल बरी हाय तुझी." मागून उरलेले तीन डंपर भरून यायचे होते.

पायाच्या खड्ड्याच्या कडेला त्यानं गाडी मागं घेऊन झोकात लावली. शेषेराव उतरून बाजूला उभे राहिले. वीरण्णानं हौदा उचलायचा दांडा ओढला. डंपर नुसता कण्हला. पुन्हा ओढला. हौदा इंचभर उठला आणि पुन्हा खाली बसला. सगळं वजन पुढं, ते हौद्याखालच्या जॅकनं उचलावं तरी कसं?

"काय झालं रं?" शेषेराव ओरडले. "इंजिनिअर साहेब यायची येळ झालीय!"

वीरण्णाच्या डोळ्यांपुढं सिद्रामप्पाचा गोठा आणि त्यात तिसरी दावण दिसायला लागली. दुष्काळी कामावरच्या बाया पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांची म्होरकी सरजाबाई. तिला त्यानं हात जोडले. "सरजाक्का, तेवढे दगड मागं सरकवा, पाया पडतो."

"पुरुषांनी भरायचं अन् बायांनी निस्तरायचं!" असं म्हणत सरजाबाई वर चढली. पंधरा बायांनी बघता बघता निम्मा दगड मागं लोटला आणि त्या खाली उतरल्या. वीरण्णानं शिवाचं नाव घेऊन दांडा ओढला. हौदा उठला! उठत उठत चालला! फक्त मागचा फाळका उघडायचा राहून गेला होता. बैलगाडीला कुठं फाळका असतो? सगळा दगड गडगडत मागं जाऊन फाळक्याला अडला, आणि डंपरची पुढची चाकं वीरण्णासकट अलगद हवेत गेली.

"अय्यो शिवा! उलाळली रंऽऽ!" केबिनमधून तो किंचाळला.

आता ही हाक ऐकल्यावर काय करायचं, ते त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक होतं. गाडी मागं उलाळली की पुढं धुरेला लोंबकळायचं. कुणी विचार केला नाही. सरजाबाईनं पदर खोचून बंपर धरला. मागोमाग पंधरा बाया, दोन गवंडी आणि स्वतः शेषेराव मुकादम. कुणी बंपरवर, कुणी मडगार्डावर, मुकादम थेट बॉनेटवर. धाडकन चाकं जमिनीवर आली. त्या दणक्यानं फाळक्याची कडी निसटली आणि सगळा दगड पायाच्या खड्ड्यात जाऊन पडला, बरोब्बर चुन्यानं आखलेल्या खुणेवर. वीरण्णानं डोळे उघडले. जिता होता. हायसं वाटून त्याला रडूच आलं.

आणि नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. साहेब पुण्याकडचे, नवे, इमारतीच्या काळजीनं कायम कपाळाला आठ्या.

"मुकादम, हा काय प्रकार आहे?"

शेषेरावांची टोपी पडली होती, मांड मात्र पक्की होती. नव्या माणसाची भरलेली गाडी न तपासताच सोडली हे उघडं पडलं, तर त्यांचीही नोकरी जात होती. ते बॉनेटवरूनच म्हणाले, "साहेब, रीत हाय ही. नव्या डायवरची पहिली खेप वतली की समद्यांनी गाडीवर बसायचं आसतंय."

"आणि नाही बसलं तर?"

सरजाबाई पुढं झाली. "इमारतीला तडा जातो, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पायाच्या खड्ड्यातल्या दगडाकडं पाहिलं, मग बुटांकडं. बूट काढले. "सरका जरा," म्हणाले आणि मुकादमांच्या शेजारी चढून बसले. डोळे मिटून हात जोडले. कुणी हसलं नाही. हसायची छाती होती कुणाची?

खाली उतरून त्यांनी केबिनमधून बाहेर आलेल्या वीरण्णाची पाठ थोपटली. "दगड अगदी खुणेवर टाकलास. मुकादम, याला पक्का करा."

वीरण्णाच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता सिद्रामप्पानं खुशाल बैलं सांभाळावीत! तो पारावर बसल्यागत तिथंच केबिनच्या पायरीवर टेकला आणि घटाघटा पाणी प्यायला.

तोवर मागचे तीन डंपर येऊन रांगेत लागले होते. साहेबांनी विचारलं, "हे ड्रायव्हरही नवेच ना?"

"व्हय," शेषेराव मान खाली घालून म्हणाले.

"मग बायकांना बोलवा. तिन्ही खेपांना बसायचं. मी आहे इथं."

शेषेरावांनी कंबर चोळत दुसऱ्या डंपरच्या बॉनेटकडं पाहिलं. ते चांगलंच तापलं होतं. वीरण्णा आधीच वर जाऊन बसला होता. त्यानं वाकून मुकादमांना हात दिला.

"चढा मुकादम," तो हळूच म्हणाला, "तडा जाईल."