लक्षण सांग, गाव सांगू नको

आमच्या गावात कुणी 'चायनाचा रोग' असं म्हणलं, की नाना त्याला तिथंच उभा करायचे आणि जीभ बाहेर काढायला लावायचे.

"जीभ काढ बे."

"कावून नाना?"

"काढ तर खरं. बघू दे, कुठं चीन दिसायलाय का."

आणि माणूस काढायचा की हो! नाना डाव्या हातानं त्याचा जबडा धरायचे, अंगठ्यानं हनुवटी खाली दाबायचे आणि बैलाचं तोंड बघावं तसं आत बघायचे. नानांची सगळी नोकरी ढोरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. मलमपट्टी करायची, सुई टोचायची, गाय अडली तर हात घालून वासरू सोडवायचं. त्यामुळं जबडा धरायची सवय हातातच होती. ग्रामसेवकाची जीभ त्यांनी बघितली, हेडमास्तरांची बघितली. दिवाळीला आलेल्या सख्ख्या जावयाचीही बघितली, तीही लेकीसमोर. जावई पुढं दोन दिवाळ्या फिरकला नाही.

मी या गावची आशा सेविका. नाव सुनीता, पण अख्खं गाव मला आशाताईच म्हणतं. एकटे नाना 'सुनीता' म्हणायचे. माणसाला त्याच्या नावानं हाक मारावी आणि रोगाला त्याच्या लक्षणानं, हा त्यांचा कायदा. गंमत म्हणजे गावानं त्यांचंच नाव 'लक्षण नाना' पाडलं होतं. कुणी दवाखान्याचं बोलणं काढलं, की हे मधेच तोंड घालणार, "लक्षण सांग, गाव सांगू नको!"

नेकनूरहून केजकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. तिथल्या हॉटेलात बसून नाना यावर भाषण द्यायचे. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसायचं.

"आपल्या अडाणी म्हाताऱ्या लई शहाण्या व्हत्या. ढोर लाळ गाळाय लागलं, खुर सडले, तर नाव काय? लाळ्या-खुरकत! मागं माणसं मेली त्या साथीला काय म्हणले? मानमोडी! मान मोडून पडायची माणसं, म्हणून मानमोडी. आन् तीच साथ शिकलेल्या लोकानं एका देशाच्या नावावर घातली. त्या देशाचा काय गुन्हा बे? जुन्या वैद्यानी एका घाण रोगाला फिरंग्याचं नाव देलं, आन् फिरंगी म्हणं त्यालाच शेजारच्या देशाचं नाव द्यायचे. जो तो आपला उकिरडा शेजाऱ्याच्या दारात लोटायलाय."

हॉटेलवाला म्हणायचा, "नाना, चहा घ्या." लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे. म्हातारा जरा सरकलाय असंच मला वाटायचं.

माझी जीभ मात्र नानांनी कधी काढायला लावली नाही. एकदा बघायला पाहिजे होती. ते पुढं सांगते.

लॉकडाऊन लागला आणि 'चायनाचा रोग' आठ दिवसांत शेजारच्या वस्तीचा झाला. गावापासून कोसभरावर, ओढ्याच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला बोरदरा नावाची वस्ती आहे. दहा-बारा घरं. चार घरं बागवानांची, बाकीची आपली. तिथले रशीदभाई वीस वर्षं आमच्या गावात फळांचा गाडा लावायचे. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला त्यांची पपई आणि प्रत्येक आजाऱ्याला त्यांची मोसंबी. त्यांचा पुतण्या पुण्याहून आला आणि त्याला ताप भरला. तपासणीत काही निघालं नाही. साधा ताप होता, तीन दिवसांत उतरला.

पण कुणाला काय त्याचं! मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ येत होता, अमक्या लोकांनी थुंकी लावली, तमक्या लोकांनी रोग आणला. झालं. गावानं नाव ठेवलं, 'दऱ्याचा रोग'. उचलली जीभ लावली टाळ्याला. गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस टाकले आणि रशीदभाईचा गाडा अडवला. वीस वर्षं ज्याच्या हातची फळं खाल्ली त्याला, "तिकडंच थांब बे!" म्हणाले. 'बे' म्हणणारी ती पोरं रशीदभाईच्या मोसंबीच्या रसावर तापातून उठलेली होती. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गाडा म्हणजेच त्या माणसाचं घरदार. शेत नाही, नोकरी नाही. आमचा बाजार बंद म्हणजे त्यांची चूल बंद. पपया दारात सडत होत्या आणि शेळ्यासुद्धा खाऊन कंटाळल्या होत्या.

नाना सरपंचाकडं गेले. तेव्हा आमच्याच गावचे ऊसतोडीला गेलेले लोक तिकडं कारखान्यावर अडकले होते. तिथली माणसं त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हती. 'बीडवाले आले, रोग घेऊन आले' म्हणत होती. त्यावरून आमचा सरपंच फोनवर नुसता बोंबलत होता.

नाना म्हणाले, "तिकडं आपल्या लोकाला बीडचा रोग म्हणले तर तुला लागलं. मग रशीदला काय म्हणायलास?"

"ते येगळं नाना."

"जीभ काढ."

सरपंचानं काढली नाही. उलट दुसऱ्या दिवशी गावानं मरीआईचा गाडा काढला.

नव्या माणसाला हे सांगायला लागेल. पूर्वी पटकीची साथ आली, की एका छोट्या लाकडी गाड्यात मरीआई बसवायची, खण, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवायचा आणि वाजत गाजत गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. आईबरोबर साथ गेली! पुढच्या गावानं तो गाडा आणखी पुढं ढकलायचा. मी लहानपणी फक्त ऐकलं होतं. पण त्या वर्षी, मोबाईल वापरणाऱ्या, इंजिनिअरिंग शिकलेल्या पोरांनी हौसेनं गाडा बनवला. त्याला लायटिंग केली. आणि सोडला कुठं, तर बोरदऱ्याच्या शिवेत. बोरदऱ्याच्या पुढं गावच नाही, डोंगर आहे. तिथून आईला पुढं ढकलायला जागा नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी मी घरोघर ताप मोजत फिरत होते, तेवढ्यात चाकाचा करकर आवाज आला. बघते तर नाना! धोतर खोचलेलं, मास्क हनुवटीला, कपाळावर घामाची धार आणि हातात त्या गाड्याची दोरी. एकटा म्हातारा कोसभर गाडा ओढत परत आणत होता. फाट्यावर हवालदारानं अडवलं.

"पास हाय का, बाबा?"

"मला कशाला पास? मी गावचाच. हिला इचार," नाना मरीआईकडं हात करून म्हणाले, "हीच हद्द वलांडून आलीय."

हवालदारानं आईला हात जोडले आणि सोडलं.

नानांनी गाडा थेट चावडीसमोर लावला. माणसं अंतर ठेवायचं विसरून गोळा झाली.

"ही तुमची आई," नाना ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. "तुमी बशिवली, तुमीच संबाळा. दुसऱ्याच्या दारात सोडायला आई काय भाकड गाय हाय? गाडा ढकलला तर रोग जात नस्तो रे. नाव तेवढं जातंय, आन् ते जाऊन बसतंय!"

गाव पेटलं. गेलेला रोग म्हाताऱ्यानं परत आणला म्हणून लोक त्याच्या अंगावर धावले. पंधरा दिवस नानांच्या घराकडं कुणी फिरकलं नाही. पिठाच्या गिरणीवाल्यानं त्यांचं दळण घेतलं नाही. मी जात होते, पण खरं सांगते, माझी ड्युटी होती म्हणून.

आणि मग आमच्या गावात पहिला खरा पेशंट निघाला. कोण? सरपंचाचा मेव्हणा! लग्नाला बंदी असताना लग्नाला जाऊन आलेला. आता बघा हं, त्याला कुणी 'सरपंचाचा रोग' म्हणलं का? 'मेव्हण्याचा ताप' म्हणलं का? छे! एका रात्रीत सगळं गाव शहाणं झालं, आणि त्याला 'पॉझिटिव्ह' असं गोड इंग्रजी नाव मिळालं. गरिबाच्या तापाला गरिबाचं नाव, मोठ्याच्या तापाला इंग्रजी! जळली मेली ती जीभ.

फेस निघाले. कुणी काढले ते कुणी बोललं नाही. माफी तर दूरच. रशीदभाई मान खाली घालून गाडा घेऊन आले आणि पिंपळाखाली उभे राहिले. दोन तास झाले तरी एक गिऱ्हाईक नाही. बाया लांबून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून पुढं जायच्या.

नाना आले. त्यांना शुगर. डॉक्टरनं गोड बंद केलेलं, मीच त्यांची गोळी आणून द्यायचे. त्यांनी सगळ्यात पिकलेली पपई उचलली आणि रशीदभाईच्याच सुरीनं कापली. चावडीकडं तोंड करून, रस मनगटावरून गळत असताना, अख्खी पपई उभ्याउभ्या खाल्ली. मग बाहीनं तोंड पुसलं आणि गावाकडं बघून स्वतःची जीभ बाहेर काढली. हातभर लांब, केशरी!

"बघा! या की जवळ! दिसायलंय का कुठं बोरदरा?"

पोरं खो खो हसली. रशीदभाई तोंडावर रुमाल धरून रडत होते. पहिली मी गेले गाड्यावर. धाडस म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. माझ्यामागं दोघी आल्या, मग चौघी.

नानांच्या घरी त्यांची थोरली बहीण राहायची, गंगूअक्का. पांढरे केस, वाकलेली, बोलणं जवळपास नाहीच. नानांची बायको गेल्यापासून घर तीच सांभाळायची. गेल्या वर्षी मी म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्य कार्डाचा फॉर्म भरायला गेले. ओसरीवर बसले. अक्कानं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली.

"अक्का, जन्मगाव?"

तिनं नानांकडं बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नेकनूर."

सगळ्या जगाला टोकणारे नाना खाली बघत बसले. अक्का आत गेली तेव्हा ते हळू आवाजात बोलले.

"आमी बोरदऱ्याचे हाओत, सुनीता. मी सहा वर्षाचा व्हतो. पटकी आलती. गावोगावचा गाडा ढकलत ढकलत आमच्या वस्तीवर आला आन् तिथंच ऱ्हायला. पुढं डोंगर. पटकी महिन्यात गेली, पर समदा मुलूख 'दऱ्याची पटकी' म्हणाय लागला. अक्का लग्नाची झाली तवा तीन पाव्हणे आले. तिनं तिघायला चहा केला. कुठली पोरगी म्हणून इचारलं, अन् बोरदऱ्याची म्हणल्यावर तिघं बी कप तसाच ठिवून उठले. चौथा आलाच न्हाई. मला नोकरी लागली तसं तिला घिऊन हितं आलो; ज्याला ठावं व्हतं ती जुनी माणसं बी आता न्हाईत. पर तवापून ती कुणालाच गाव सांगत न्हाई."

मला माझेच शब्द आठवले. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, याच ओसरीवर ताप मोजताना, मी म्हणाले होते, "नाना, दऱ्याचा रोग आलाय, अक्काला जपा." तेव्हाही अक्का समोरच होती, हातात माझ्यासाठी चहा घेऊन. नानांनी माझी जीभ बघितली नव्हती. नुसते उठून गोठ्यात गेले होते. मला वाटलं होतं, सरकारी बाई म्हणून सोडलं.

"मग बोरदरा लिहू का?" मी विचारलं.

"न्हाई. ती सांगती तेच लिही. तेवढं एक खोटं ऱ्हाऊ दे."

मी नेकनूर लिहिलं. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी फॉर्म खाली ठेवला, नानांच्या समोर सरकले आणि जीभ बाहेर काढली.

नानांनी जबडा धरला नाही. नुसतं वाकून बघितलं. अक्का दारात येऊन उभी राहिली होती.

"आत घाल," नाना म्हणाले. "चहा पे. अक्कानं केलाय, गार व्हायलाय."