मोतेगीचा ‘लागला’

“हात वर करा,” मोतेगीची बायको योशिए म्हणाली.

मोतेगीने हात वर केले. चाळीस वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो रायफल घेऊन लढाईवर जात होता, पण शरण मात्र रोज घरीच येत होता.

आधी साधं बनियन चढलं. त्यावर लोकरीचं. मग पोटाला विणलेला पट्टा, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा, पाठीवर चिकटवायच्या सहा गरम पट्ट्या आणि सगळ्यावर कापूस भरलेलं जाकीट. शेवटी खाकी लष्करी कोट आला, पण त्याची बटणं काही केल्या काजापर्यंत पोचेनात.

“अगं, मी वाकणार कसा?”

“वाकायचंच कशाला? डॉक्टर नको म्हणालेत ना.”

“सैनिकाला वाकावं लागतं गं.”

“सैनिक सदुसष्ट वर्षांचा नसतो. आणि मागच्या थंडीत सैनिकाची कंबर धरली होती तेव्हा त्याला न्हाणीघरातून मीच उचलून आणलंय.” एवढं बोलून तिने कानटोपी त्याच्या भुवयांपर्यंत ओढली. “इसोबे-सानना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांच्याशी वाद घालू नका. आज शेवटचाच दिवस आहे.”

वाद? मोतेगीने आयुष्यात कुणाशी वाद घातला नव्हता. रायफल त्याने गळाच्या काठीच्या पिशवीत घातली. उघडी नेली तर बसमध्ये लोक घाबरतात. परिणामी आळीत तो चाळीस वर्षं मासेमार म्हणून ओळखला जायचा, आणि एकदाही मासा न आणणारा म्हणून जरा कीवही केली जायची.

रायफल होती मेइजी अडतीस या जुन्या लष्करी नमुन्याची, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल. लाकडी दस्ता, लांबच लांब नळी, आणि आत बारुदाऐवजी एक स्प्रिंग. प्रत्येक छऱ्याला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग चाप. छर्रा प्लास्टिकचा, पांढरा, वाटाण्याएवढा. उघड्या अंगावर बसला तर चिमटा, कपड्यावर बसला तर टिचकी. मोतेगीच्या वडिलांनी खरी अडतीस खांद्यावरून वाहिली होती आणि त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. ही नकली त्यांनी एकदाच हातात घेतली. “वजन कमी आहे,” म्हणाले. “बरं आहे.”

चिबाच्या टेकड्यांत, एका विधवा बाईंच्या ओकच्या रानात हा खेळ चालायचा. सुरुवातीला सात जण होते, सगळे एकाच कारखान्याच्या वसतिगृहातले. दोघं वारले, दोघांना गुडघ्यांनी घरी बसवलं. उरले तीन: मोतेगी, आचारी हाराशिमा आणि इसोबे. इसोबे सोमवारी घर सोडून फुकुओकाला मुलीकडे राहायला जाणार होता, कायमचा. मुलीच्या घरात एक खोली, दोन नातवंडं आणि ‘बंदूक नको हं बाबा’ अशी सूचना होती.

या खेळाला पंच नसतो. छर्रा लागला की ज्याला लागला त्यानेच हात वर करून ‘लागला!’ म्हणून ओरडायचं आणि बाहेर व्हायचं. सगळा डोलारा या एका शब्दावर उभा असतो. लागूनही जो ओरडत नाही, त्याला ‘चालतं मढं’ म्हणतात, आणि एकदा ते नाव पडलं की माणसाशी कोणी खेळत नाही. मोतेगीची कीर्ती अगदी उलटी होती. एकदा छर्रा त्याच्या नुसत्या सावलीला लागला, तेव्हाही तो विचारात पडला होता म्हणे.

आणि त्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, इसोबेने बारा पावलांवरून त्याच्या छातीवर नेम धरून चाप ओढला.

मोतेगी चालत राहिला.

इसोबेने बोल्ट ओढला, पुन्हा मारला. मोतेगी चालतच राहिला. तिसरा मारला. मोतेगीने एका झाडामागून वळसा घातला, इसोबेला समोर पाहिलं आणि त्याच्या पोटावर शांतपणे एक छर्रा मारला.

“लागला ना?” त्याने प्रेमाने विचारलं.

“मला लागला?” इसोबे उसळला. “तुला तीन लागलेत! तीन!”

“मला? नाही बुवा.”

“मी या डोळ्यांनी पाहिलं! छातीवर बसले तिन्ही! अरे, चालतं मढं झालास की काय तू?”

सूपाच्या पातेल्यात डाव फिरवत बसलेला हाराशिमा उठून आला. मोतेगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाळीस वर्षांत त्याला लोकांनी संथ म्हटलं होतं, मंद म्हटलं होतं, एकदा तर खांब म्हटलं होतं. पण हे नाही.

“मी खोटं बोलतो असं म्हणायचंय तुला?”

“मी कशाला म्हणू? छातीला विचार तुझ्या.”

“थांबा, थांबा,” हाराशिमा मधे पडला. “भांडू नका, परीक्षा घेऊ. मोतेगी, पाठ कर. मी पाच मारतो. लागला की हात वर कर.”

मोतेगी पाठ करून उभा राहिला. मागे खटखट आवाज येत होते, पण कानटोपीतून त्याला ते सुतारपक्ष्यासारखे वाटले. बराच वेळ गेला.

“अरे, मार ना आता!” तो ओरडला.

“मारून झाले,” हाराशिमा म्हणाला. “पाचही.”

मोतेगीने कोट काढायला घेतला. कोटाच्या फटीतून एक छर्रा टपकला. मग जाकिटाच्या घडीतून तीन आले. पट्टा सोडला तर चार, कानटोपीच्या घडीतून तीन. शेवटी पाचोळ्यावर सगळे मिळून अकरा पांढरे छर्रे पडले होते.

“तीन माझे,” इसोबे म्हणाला.

“पाच परीक्षेचे,” हाराशिमा चाचरत म्हणाला. “आणि... बाकीचे तीनही माझेच असतील. सकाळपासून मारतोय तुला. मला वाटलं माझीच नजर गेली. मी बायकोला सांगून ठेवलंय, पुढच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन म्हणून!”

म्हणजे सकाळपासून मोतेगी सहा वेळा मेला होता आणि सहाही वेळा तसाच हिंडत राहिला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही पाय जुळवून त्याने कमरेत खोल वाकून इसोबेची माफी मागितली. माफी लांबत गेली. इसोबेला आधी समाधान वाटलं, मग संकोच वाटला, शेवटी तो घाबरला.

“पुरे रे. ऊठ आता.”

“उठता येत नाहीये,” जमिनीकडे पाहत मोतेगी म्हणाला.

डॉक्टरांचा पट्टा पाचोळ्यात पडला होता. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला सरळ केलं, एखादं जुनं कपाट उभं करावं तसं. हाराशिमाला हसू आवरेना. इसोबे मात्र हसला नाही.

“तुला कळलं नाही, मान्य,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “पण शेवटच्या दिवशी मनात आलं ना माझ्या. की याला जिंकायचंय म्हणून हा ओरडत नाहीये. तुझ्याबद्दल असलं मनात यावं, तेच वाईट वाटलं.”

मोतेगीला ते सगळ्यात जास्त झोंबलं. सोमवारी हा माणूस गाडीत बसणार आणि जाताना ही शंका बरोबर घेऊन जाणार.

“पुन्हा खेळू,” तो म्हणाला. “फक्त तू आणि मी. बनियनवर.”

“वेडा आहेस का? नोव्हेंबर आहे!”

पण तो ऐकेना. पट्टा तेवढा हाराशिमाने जबरदस्तीने बांधला आणि बनियन-पट्ट्यातला मोतेगी, डोळ्यांवर जाड चष्मा लावून, कुडकुडत रानात शिरला. आता एकही छर्रा चुकवायचा नाही असा त्याने पणच केला होता. खांद्यावर काहीतरी टपकलं.

“लागला!”

“अरे, ओकचं फळ आहे ते!” हाराशिमा ओरडला. “अजून इसोबे जागेवरही गेला नाही!”

मग मानेवर पान पडलं. “लागला!” मग वाऱ्याची झुळूक आली. “लागला बहुतेक!” रानातली ओकची झाडं त्या दिवशी भलतीच सैल झाली होती. दहा मिनिटांत मोतेगी नऊ वेळा मेला आणि हाराशिमा नऊ वेळा “जिवंत आहेस तू, चल!” म्हणून थकला. शेवटी तो वैतागून सूपाकडे निघून गेला.

आता दोघंच उरले होते. मोतेगीने झाडाआडून पाहिलं तर समोर इसोबे उभा. पाय फाकवून, दस्ता गालाला लावून, सव्वीसाव्या वर्षी उभा राहायचा तसाच. फक्त केस नव्हते. मोतेगीची रायफल तयार होती आणि नेमही बसला होता. त्याने चाप ओढला नाही. सोमवारनंतर असं समोर कोण उभं राहणार, हे त्याच्या मनात आलं आणि डोळ्यांवरचा चष्मा आतून धुरकटला.

इसोबेच्या रायफलीचा खटका वाजला.

अंगावर काहीही आलं नाही. चिमटा नाही, टिचकी नाही, साधं पानही नाही. मोतेगीला ते पक्कं कळलं होतं. तरी त्याने रायफल खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या रानाला ऐकू जाईल असा ओरडला,

“लागला!”

इसोबे सावकाश चालत आला. त्याने रायफलीतली छऱ्यांची डबी काढून उलटी धरली. ती रिकामी होती.

“मघाशीच काढून ठेवले सगळे,” तो म्हणाला. “उघड्या अंगावर तुला मारणार होय? अंगावर वळ उठला असता तर वहिनींनी मला खरी गोळी घातली असती.”

मोतेगीचे हात अजून वरच होते. ते खाली कसे घ्यावेत, हे त्याला कळेना.

“खोटं बोललास,” इसोबे म्हणाला.

“हं.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

“हं.”

“आणि कुठे लागला म्हणे?”

“छातीत.”

“दुखतंय?”

“बरंच.”

इसोबेने स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला आणि बटणं लावायला घेतली. बराच वेळ त्याला एकही बटण लागेना.

“मला तर त्या दिवशीच लागला,” तो म्हणाला. “मुलीचा ‘इकडेच या’ म्हणून फोन आला ना, तेव्हा. ओरडलो नाही इतकंच.”

खालून हाराशिमाची हाक आली, सूप निवतंय म्हणून. दोघं तिथेच उभे राहिले, आणि तिसऱ्या हाकेपर्यंत कोणी हललं नाही.