टाकाऊपणाचा दाखला

आमच्या वस्तीमागच्या नाल्यात प्लास्टिक टाकण्याची सोय पूर्वापार आहे. त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. अपवाद फक्त शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. नाला तुंबला की पाणी आधी त्यांच्या दोन पायऱ्या खाली असलेल्या खोलीत शिरायचं आणि गिऱ्हाइकांचे कपडे भिजायचे. मावशींचं पोट त्या एका खोलीवर होतं.

त्यांची भाची चित्रकला शिकते. तिने सात-आठ मित्रमैत्रिणी जमवल्या, तीन रविवार नाला उपसला आणि बाटल्या-पिशव्या धुऊन, रंगांप्रमाणे निवडून मावशींच्या दारात रचल्या. त्या प्लास्टिकचा चौकात मोठा मासा करायचा होता. नाला खळखळ वाहू लागला. आम्ही गॅलरीतून तोंडभर कौतुक केलं आणि हातासरशी चार पिशव्या खाली टाकल्या. पोरांना माल कमी पडायला नको.

चौकात मासा उभारायला परवानगी लागते, म्हणून भाची नगर कार्यालयात गेली. कलाविभागाच्या साहेबांनी अर्ज आधी चष्म्यातून वाचला, मग चष्म्यावरून.

"'टाकाऊ प्लास्टिकचा मासा' लिहिलंय. टाकाऊपणाचा दाखला कुठाय?"

"साहेब, नाल्यातून काढलंय सगळं. अख्ख्या वस्तीनं पाहिलंय."

"आणि आत्ता कुठे आहे?"

"धुऊन, नीट रचून ठेवलंय."

"म्हणजे जपून ठेवलंय. जपून ठेवलेली वस्तू टाकाऊ कशी होईल, बाळ?"

पण साहेब माणूस प्रेमळ, मार्गही त्यांनीच काढला. माल मूळ जागी ठेवायचा, अधिकारी येऊन बघतील, पंचनामा होईल, दाखला मिळेल. गोणीत मात्र भरायचा नाही; गोणीत भरलेला कचरा नियमानुसार 'साठा' ठरतो.

"एवढा खटाटोप करून पुन्हा ये रे माझ्या मागल्या?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, एकच दिवस गं. बुधवारी सकाळी टाकायचं, दुपारी काढायचं."

बुधवारी अधिकारी बैठकीला गेले. गुरुवारी ते आले, पण मोजमाप घेणारा रजेवर होता. शुक्रवारी नाल्याकाठी फलक लागला: 'पंचनामा होईपर्यंत या कचऱ्यास हात लावण्यास सक्त मनाई आहे.' सोबत एक रखवालदारही आला. इतक्या वर्षांत आमच्या कचऱ्याला प्रथमच संरक्षण मिळालं.

शनिवारी जोराचा पाऊस झाला. भाची धावत नाल्यात उतरली, तेव्हा रखवालदाराने शिट्टी वाजवून तिला वर काढलं. मावशींच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं. शिवणयंत्र बुडालं, तयार कपडे तरंगू लागले. खरं सांगतो, बघून वाईट वाटलं.

सोमवारी अधिकारी आले. पंचनाम्यात रकाना होता: 'सदर कचरा कोणी टाकला?'

"बुधवारी आम्हीच टाकला," भाची म्हणाली. "पण त्याआधी तो..."

"त्याआधीचा रकाना नाही."

दाखला तिथल्या तिथे मिळाला. त्याच्याच पाठीला नाला तुंबवल्याची नोटीस जोडलेली होती, भाचीच्या नावाने.

आता पंचनाम्यावर पंच म्हणून दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या हव्या होत्या. मावशी दारात ओलं कापड पिळत आमच्याकडे बघत होत्या. एक सही मी केली. सरकारी काम, उगाच अडायला नको. दुसरी कोणाची, ते मी इथे सांगत नाही. कागद बघितलात तर स्वतःचं अक्षर तुम्ही ओळखालच.