झकेरियाच्या गाडीचं नाक

झकेरियाला गाडीतलं सगळं कळतं. पनवेलपासून कुवेतपर्यंत कुणालाही विचारा! खरं तर विचारायचीही गरज नाही, तो स्वतःच सांगतो. बावीस वर्षं तिकडे एका बड्या शेठची गाडी चालवली म्हणजे काय खायचं काम आहे? दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी, आणि दर शुक्रवारी फोनवर बायकोला, हव्वाबीला, एकच वचन.

"एकदा आपली गाडी घेऊ. तुला शेजारी बसवून करंजाला नेईन. खाडीचा वारा खात जाऊ!"

करंजा हव्वाबीचं माहेर. आजवर ती तिकडे एसटीनं नाहीतर टमटमनंच गेली होती. गर्दीत उभं राहून तिनं या एका फेरीची किती वाट बघितली, ते तिलाच ठाऊक.

यंदाच्या सुट्टीत झकेरियानं गाडी घेतलीच. सेकंडहँड, पण परदेशी आणि काळीभोर! अंगणात उभी करून त्यानं हव्वाबीला सांगितलं, "हिला नाक आहे. काचेखाली सेन्सर असतो. बाहेर घाण हवा असली की तो हुंगतो, आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप आपोआप बंद! चांगली हवा आली की उघडते."

"माणसापेक्षा शहाणी दिसते," हव्वाबी म्हणाली. "मग कधी जायचं?"

"रविवारी!"

शनिवारी सकाळी पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकांच्या धुरात झडप खाडकन बंद झाली, पुढे गेल्यावर उघडली. झकेरियानं स्टिअरिंगला शाबासकी दिली. दुपारी जेवून कुवेतच्या सवयीनं तो दोन ते पाच घोरला, आणि हव्वाबी आपल्या कामाला लागली.

रविवारी सकाळी हव्वाबी ठेवणीतली ओढणी घेऊन गाडीत बसली. झकेरियानं गाडी चालू केली. झडप बंद! दहा मिनिटं झाली, तरी बंदच.

"बिघाड आहे," तो म्हणाला.

"असू दे की! काचा खाली करून जाऊ."

"एसीच्या गाडीत काचा खाली? लोक टॅक्सी समजतील! आणि बिघडलेली गाडी घेऊन सासरवाडीला? तुझे भाऊ दात काढतील!"

हव्वाबीनं ओढणी घडी करून पुन्हा कपाटात ठेवली.

सोमवारी गाडी कळंबोलीला दीनानाथच्या गॅरेजात. दीनानाथ उरणचा कोळी, माणूस कामाचा. त्यानं स्कॅनर लावला. "झकेरियाभाय, बिगाड काय नाय. मशीन बोलतंय, सेन्सरला भायेर घाण वास येतंय."

"माझ्या अंगणात? मशीनला काय कळतं! झडपेची मोटर बदल."

मोटर बदलली. झडप बंद. फिल्टर बदलला. झडप बंद. तेरा दिवस गेले. मग झकेरियानं स्वतःच तपासणी हाती घेतली. अंगणात बॉनेटपुढे लोबान पेटवला आणि गाडीभोवती घिरट्या घालत त्या धुराला सेन्सर काही बोलतो का ते बघू लागला. शेजारचे बळीराम धावत आले.

"नजर लागली का हो गाडीला? नारळ आणू?"

सेन्सर काही बोलला नाही. शेवटी पुण्याहून नवा मागवला. तो यायला आणखी बारा दिवस! हव्वाबी रोज विचारायची, "आज जायचं?" आणि झकेरिया म्हणायचा, "उद्या." दुपारी तो घोरायचा. हव्वाबीचं काम चालूच.

सेन्सर आला तेव्हा सुट्टीचे दोन दिवस उरले होते. दीनानाथनं वायपरखालची काळी जाळी उचकटली आणि थबकला. आत गुलाबीसर तुकडे पडले होते. त्यानं एक उचलला, हुंगला आणि चक्क तोंडात टाकला!

"सोडे हायत, झकेरियाभाय! घरची सुकी कोलंबी. मीठ एकदम बराबर."

"आणि सेन्सर?"

"त्याला काय झालाय? सोड्यांना घाण बोलतंय, येवढाच त्याचा दोष!"

झकेरिया तणतणत घरी आला. दुपारचे तीन वाजले होते, एरवीची त्याच्या घोरण्याची वेळ. अंगणात हव्वाबी सोड्यांची परात आणि जुनी चादर घेऊन गाडीचीच वाट बघत उभी होती!

"आलात? बरं झालं, ऊन उतरायला लागलं. गाडी जरा त्या बाजूला लावा."

"माझ्या गाडीवर सोडे?"

"तुमच्यासाठीच तर! बाजारच्या सोड्यांत वाळू असते. गच्चीवर मांजरं येतात, बॉनेटवरून त्यांचे पाय घसरतात. दर खेपेला दोन किलो नेता, ते काय झाडाला लागतात?" मग तिचा आवाज खाली आला. "तुमची जायची तारीख जवळ आली की मला हाताला काम लागतं. नाहीतर रडू येतं."

जवळजवळ सगळी सुट्टी झकेरियानं गाडीला दिली होती आणि ही बिचारी अंगणात त्याची पिशवी भरत होती. त्यानं मुकाट्यानं गाडी उन्हात लावली.

शेवटच्या दिवशी जाळी झाडूनपुसून दोघं निघाली. चिरनेरपर्यंत झडप उघडी, वारा आत! हव्वाबी गालातल्या गालात हसत होती. करंजाची खाडी आली, दोरीवर बोंबील वाळत होते, आणि झडप खाडकन बंद!

"माझ्या माहेराला घाण म्हणाली ही?" हव्वाबी कडाडली.

झकेरियानं बटण दाबलं आणि चारही काचा खाली केल्या. खाडीचा वारा भस्सकन आत शिरला. हव्वाबीनं डोळे मिटून घेतले आणि त्याच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात वाटेवरची एक टोपलीवाली म्हातारी हात करून ओरडली, "ए टॅक्सी! मोऱ्याच्या धक्क्यावर येतोस का रं?"

दुसऱ्या दिवशी झकेरिया गेला. पहिल्याच शुक्रवारी फोन आला.

"गाडी कशी आहे?"

"उन्हात उभी आहे."

"बॉनेटवर काही आहे?"

"पुढच्या खेपेचे आहेत."

"अगं, त्याला दोन वर्षं आहेत!"

"माहितीये. तुम्ही गेलात की हात रिकामे पडतात."

गाडीतलं सगळं कळणारा झकेरिया म्हणाला, "वायपरच्या बाजूला पत्रा जास्त तापतो. तिकडेही पसर."