गावंडेकाकांच्या काचेच्या बाया

काकू नागपूरला गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावंडेकाकांच्या घरातून बायकांशी बोलण्याचा आवाज यायला लागला.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ की पलीकडे कोणी शिंकलं की अलीकडे आपण आपोआप म्हणावं, काढा घ्या. काकू जाताना मला बजावून गेल्या होत्या, "वर्षा, यायच्यावर जरा लक्ष ठेवजो वो." म्हणून मी संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन निघाले, तर दारातच पाय थांबले. आतून काका मधाळ आवाजात म्हणत होते, "तुमी जराशा सरका ना मावशी. ह्या बाईले आधी येऊ द्या. हाव, तुमचंही करतो, पण तुमच्या डोक्शावर ह्या बसल्या, त्याले मी काय करू?"

आता सत्तरीला टेकलेला माणूस, त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि घरात एक मावशी नि एक बाई. मी मुद्दाम चपलांचा आवाज करत आत शिरले. आत कोणी नव्हतं. काका दिवाणावर मांडी घालून बसले होते, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला लागलेला.

"बस वर्षा," ते मान वर न करता म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक म्हणजे मोबाईलमधल्या काचेच्या नळ्या. तुम्ही हा खेळ पाहिला असेल. उभ्या नळ्या असतात, प्रत्येकीत रंगीत पाण्याचे थर एकावर एक चढलेले. एकीतलं पाणी दुसरीत ओतायचं, पण रंगावर तोच रंग पडला पाहिजे, नाहीतर नळी रिकामी पाहिजे. रंग जुळला नाही की नळी नकाराची मान हलवते. शेवटी प्रत्येक नळीत एकच रंग राहिला की जिंकलो. आमच्या ऑफिसात निम्मा स्टाफ हेच करतो, पण नळ्यांना अहो-जाहो करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पण त्यात नवल काही नाही, कारण काकांचा उभा जन्म बायकांच्या गर्दीत गेला. दिग्रसच्या बाजारात त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, फॉल. तालुक्यातल्या लग्नाच्या साड्यांना ब्लाऊज शोधायचा तर गावंडेंकडेच. गळ्यात टेप टाकून काका पुढे उभे राहत. गिऱ्हाइकाचा पदर हातात घेऊन दारातल्या उजेडात नेत, डोळे बारीक करत, "हंऽऽ" असा लांब हुंकार देत. मग वळून फळीवरच्या गठ्ठ्यातून एकच तुकडा असा ओढत की तो साडीवर टाकल्यावर साडी कुठे संपली नि ब्लाऊज कुठे सुरू झाला ते कळू नये. बाया म्हणत, काकांच्या डोळ्यांत जादू आहे.

काकू आतल्या बाजूला स्टुलावर बसून फॉल लावत. त्यांची आपली सदानकदा आवराआवरीची भुणभुण. "तिसऱ्या फळीवरचे उजवीकडचे गठ्ठे आवराचे हाय वो." "खालच्या फळीत कोपऱ्यात धूळ साचली." मला तेव्हा वाटायचं, किती ही बाई मागे लागते नवऱ्याच्या.

दुकान आता बंद केलंय. गुडघे ऐकेनात दोघांचे. लेकीने आईच्या मोबाईलमध्ये हा खेळ टाकून दिला आणि तो दोघांचा झाला. दोघं एका मोबाईलवर डोकी जुळवून बसत. काकू सांगत, काका ओतत. एकेक लेवल करत ते पुष्कळ वर चढले. काकू निघाल्या त्या दिवशी मात्र ते एका लेवलवर अडकलेले होते. नळ्या खच्चून भरलेल्या आणि रिकाम्या फक्त दोन. काकू गेल्या आणि मोबाईल काकांकडे ठेवून गेल्या. नागपूरला बोलायला लेकीचा फोन होताच.

काकांची एकट्याने कशी दैना झाली ते मी सांगायला नको, पण सांगते. पहिल्या आठवड्यात ते बाजारातून टमाटे घेऊन आले. सगळे कच्चे. मी म्हटलं, "काका, लोणचं घालता काय?" तर म्हणाले, "कायले? चांगले लालबुंद हाय." मला वाटलं गंमत करतात. दुसऱ्या दिवशी फोडणीत हिरवी मिरची म्हणून पिकलेली लाल मिरची मुठीने घातली आणि खोकून खोकून गल्ली गोळा केली. मी लक्ष ठेवायला नेमलेली बाई. मी हे सगळं काकूंना फोनवर इमानेइतबारे कळवलं. काकू लगेच म्हणाल्या, "बारसं झालं की मी येते. सोमवारच्या गाडीनं."

आणि तिथे बोंब झाली. कारण लेकीने सव्वा महिना आईला ठेवायचं ठरवलं होतं. पहिलीच वेळ, त्यात पोट फाडून बाळ झालेलं, घरात दुसरं बाईमाणूस नाही. ती फोनवर रडली. काकांनी काकूंना सांगितलं, "तू राह्य. मी सगळं करून राह्यलो ना इकडं." काकू म्हणाल्या, "काय करून राह्यले ते सांगितलं मले वर्षानं." काका माझ्याकडे जे बघायला लागले, मी भिंतीवरची पाल बघायला लागले.

शेवटी काकूंनी अट घातली. "आपण अडकलो थी लेवल एकट्यानं पूर्ण करा. कोणाले इचारलं नाई पाहिजे. फोटो पाठवा मले. मंग राहीन सव्वा महिना. नाई तं सोमवारी मी बसमध्ये."

मला या अटीचा अर्थच लागेना. लेकीच्या बाळंतपणाचा आणि मोबाईलमधल्या नळ्यांचा काय संबंध? पण काकांनी मान डोलावली, जणू कोर्टाने बरोबर निकाल दिला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत दुसरा विषय नाही. मी भाजी द्यायला गेले की काका दुकान लावून बसलेले. "ह्या मावशी कवाच्या रिकाम्या बसल्या, पण त्यायले एवढ्यात उठवाचं नाई." "ह्या बाईचा स्वभाव मले समजून नाई राह्यला." हरले की म्हणायचे, "चला, दुकान पहिल्यापासून लावा." जाहिरात पाहिली तर एक जादा नळी फुकट मिळते, असं मी सुचवलं. काकांनी माझ्याकडे दुःखाने पाहिलं. "फुकटचं गिऱ्हाईक बसवून घेतलं तं तुही काकू मानन काय?"

शनिवारी संध्याकाळी ते मोबाईलवर चिडलेले होते. "हे पाह्य वर्षा. ही बाई अन् ही बाई, एकाच घरच्या दिसतात का नाई? तरी ही मान हालवते. हा गेमच बिघडला."

मी वाकून पाहिलं आणि हसले. "काका, ही हिरवी आहे. ती चॉकलेटी."

काकांनी झटकन मोबाईल छातीशी धरला. माझं हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि डोक्यात टमाटे आले. मिरची आली. आणि मग माझी साखरपुड्याची साडी आली.

त्या साडीचं असं झालं होतं. बॉटल ग्रीन साडी. मी आईबरोबर दुकानात गेले तेव्हा काकू कोणाच्या तरी लग्नाला घाटंजीला गेलेल्या. काकांनी नेहमीसारखा पदर उजेडात नेला, नेहमीसारखा हुंकार दिला आणि फळीवरून काढून दिला चॉकलेटी तुकडा. आईने तोंड उघडलं तसे काका म्हणाले, "वहिनी, हे मॅचिंग नाई, काँट्रास्ट हाय. पुण्याले हेच चालून राह्यलं." माझ्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी काँट्रास्ट घालून उभी आहे. त्यानंतर माझ्या दोन्ही नणंदा तसाच ब्लाऊज मागायला त्यांच्याकडे गेल्या, ही गोष्ट वेगळी.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही?"

"दिसते सगळं," काका म्हणाले. "लाल, हिरवं, चॉकलेटी, हे सारखं दिसते. लहानपणापासून. बापाचं दुकान गळ्यात पडलं, सांगू कोणाले? लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत तुह्या काकूनं ओळखलं. मले वाटलं, आता माहेरी सांगते. तिनं कोणालेच नाई सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन दुकानात येऊन बसली."

"म्हणजे ती आवराआवरी?"

"मंग काय? तिसरी फळी, उजवीकडून. मी तिकडचा तुकडा ओढाचा." काका आता हसत होते. "गिऱ्हाईक म्हणे, काकाची नजर काय बारीक हाय. अन् आतून ही म्हणे, हाव ना बाई, आमच्या यायची नजर लय बारीक."

रंगांचं यांना एकट्याने निभतं का, हेच काकूंना त्या अटीतून पाहायचं होतं, ते मला आत्ता कळलं. मी म्हटलं, "काका, मी सांगते ना रंग. एका बैठकीत लेवल होईल. काकूंना कुठे कळणार आहे?"

"काकू इचारन, कोणाले इचारलं काय? मंग मी काय सांगू? तिच्यापाशी खोटं नाई बोलता येत मले. दुकानात एवढं खोटं बोललो, थे तिच्याच जिवावर." मग ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तू दोन बायांचं सांगून बसली थे आता इसराचं कसं, हा एक ताप झाला."

आणि खरोखरच त्यांनी ते विसरायचा प्रयत्न केला. दुकान पहिल्यापासून लावलं.

रविवारी मी दुपारपासूनच तिकडे जाऊन बसले. घरच्यांना सांगितलं, काकांना ताप आहे. काकांनी आता पद्धत बदलली होती. ते नळ्यांकडे पाहतच नव्हते फारसे. या नळीतलं त्या नळीत ओतून पाहत. मान हलवली की म्हणत, "या दोघींचं जमत नाई." ओतलं गेलं की म्हणत, "या जावाजावा हाय." मग तो थर कुठे होता ते तोंडाने घोकत. वरची ओळ, डावीकडून तिसरी, खालून दुसरा थर. हरले की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तीच घोकंपट्टी. मी समोर बसून जीभ दाताखाली धरली होती. हिरवं समोर दिसत होतं, काकांचं बोट चॉकलेटीवर जात होतं, आणि माझा हात आपोआप पुढे होत होता.

"हात मांगं घे," काका म्हणाले. "रंग ध्यानात ठेवाचा नसते, जागा ध्यानात ठेवाची. दुकान असंच चालवलं म्या."

चहा झाला, निवला, पुन्हा झाला. दिवेलागणीच्या सुमाराला काकांचं बोट भराभर चालायला लागलं. एक नळी भरली, दुसरी भरली. काका बोलायचे थांबले, ही मोठी खूण. मग अचानक मोबाईलमध्ये फुलबाज्या सुटल्या आणि कुठलंसं वाद्य वाजलं. दोन नळ्या रिकाम्या, बाकी सगळ्या एकेका रंगाने काठोकाठ भरलेल्या. मी टाळ्याच पिटल्या. आमच्या गल्लीत पोरगा दहावी पास झाल्यावरही इतका आनंद कोणी केला नसेल. काकांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि मला स्क्रीनचा फोटो काढायला लावला.

फोटो काढला. फोन त्यांच्या हातात दिला. काकूंना पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. काकांचा अंगठा बटणाच्या वर जाऊन थांबला.

मला वाटलं बटण सापडत नाही. मी दाखवायला वाकले. ते म्हणाले, "दिसते मले." तरी अंगठा तिथेच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच ताट उपडं घातलेलं होतं, एकच पेला. काका तिकडे बघत होते.

"नाई पाठवला," ते हळूच म्हणाले, "तं उद्या संध्याकाळी ती घरी."

"मग नका पाठवू," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "मी कोणाला सांगणार नाही."

"अन् पोरीले माय लागते ना आता." असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

फोन लगेच वाजला. काकूंचा आवाज भिंतीपलीकडेही ऐकू गेला असता. "कोणाले इचारलं?"

"दोन रंग वर्षानं चुकून सांगितले. मंग दुकान पहिल्यापासून लावलं."

पलीकडे बाळ कुठेतरी कुरकुरत होतं. मग काकू म्हणाल्या, आणि आता आवाज लहान झाला होता, "मंग राहू मी?"

त्यांना ‘नको, ये’ असं ऐकायचं होतं. मला कळलं, काकांनाही कळलं असणार.

"राह्य ना," काका म्हणाले. "माह्यं काय अडून राह्यलं इकडं? पोरीले डिंकाचे लाडू दे."

फोन ठेवला. मोबाईलमध्ये पुढची लेवल आपोआप येऊन उभी राहिली होती, नव्या नळ्या, नवे थर. मी म्हटलं, "काका, लावा दुकान. आता तुमचा हात बसला."

काकांनी खेळ बंद केला आणि मोबाईल दिवाणावर ठेवला.

"होते वर्षा," ते म्हणाले. "एकट्यानं सगळं होते. पण एकट्यानं कायले कराचं?"

घरी माझी कुकर लावायची वेळ कधीच होऊन गेली होती. मी उठले होते, ती परत खाली बसले.