मिरचीला लागलेली नजर

अंजनगावाकडच्या त्या खेड्यात त्या साली एकच शहाणा होता, शालिकराम! निदान तो तसं सांगत फिरे. विलायतेला कापूस हवा म्हणून अख्ख्या वऱ्हाडानं पार ओट्यापर्यंत कपाशी लावलेली. यानं विहिरीखाली मिरची लावली.

"कापूस काय कालवून खाता येते का? उद्या अमरावतीच्या बजारात सारे मायाच मिरचीवर तुटून पडतीन!"

त्याच मिरचीच्या जोरावर त्यानं लेकीचं, शकुनचं लग्न ठरवून टाकलं. शेजारच्या पुंजारामच्या पोराशी.

आणि एका सकाळी पानांवर काळपट ठिपके दिसले! बघता बघता पानं पिवळी पडून गळायला लागली. शालिकराम रोज पहाटे ओल्या फडक्यानं एकेक पान पुसू लागला, पण रोग वाढतच गेला.

"जमुने, कोनाची तरी नजर लागली वं!"

"नजर नाई न् काई नाई. रोग हाय तो," बायको म्हणाली.

पण शालिकरामला आठवलं. पुंजाराम मागं एकदा धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर उभा राहून म्हणाला होता, "वा व्याही, मिरची तं लय झाक हाय!" स्वतः कपाशीवाला, अन् दुसऱ्याच्या मिरचीचं कौतुक? कशासाठी? तोच तो!

आता नजर उतरवायची तर नजर लावणाऱ्याच्या पायाखालची माती हवी. पुंजाराम लग्नाचं बोलायला आला, वाहाणा दाराशी काढून आत बसला. शालिकराम हळूच बाहेर सटकला आणि वाहाणेचा तळ खरडू लागला.

"व्याही, माया वाहाना काहून खरडून राहिले?" दारात पुंजाराम!

"धु... धुवून देतो म्हटलं. आमच्यात रीत हाय!"

"आपली तं एकच जात हाय. मले नाई माहीत अशी रीत!"

पुंजाराम मागं वळून वळून पाहत घरी गेला. इकडं शालिकरामनं ती माती, मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या झाडांवरून ओवाळून अंगणातल्या विस्तवात टाकल्या. ठसका लागला तर नजर नाही. न लागला तर पक्की नजर! ठसका लागलाच नाही.

लागेल कसा? वारा पुंजारामच्या घराकडं होता! तो खोकत, डोळे पुसत धावत आला.

"कोन मिरच्या जाळून राहिलं?"

"तुमचीच नजर उतरवून राहिलो!" शालिकराम बोलून गेला.

"माई नजर? मंग आमचं पोरगं तरी कायले पाहिजे तुमाले? मोडली सोयरीक!"

घरात शकुननं हुंदका दिला. तेव्हा मात्र जमुनाचं डोकं फिरलं. तिनं दोघांनाही मिरचीत नेलं.

"पाहा व्याही! हे रोज दहिवरात ओली पानं पुसतेत. रोगट झाड पुसलं का तेच फडकं चांगल्या झाडाले! अन् त्या कोपऱ्यात गांधीलमाशा हायेत म्हनून हे तिकडं जात नाईत. तिथं एक तरी ठिपका हाय का?"

कोपरा हिरवागार होता. पुंजाराम पोट धरून हसला आणि सोयरीक पुन्हा जुळली.

पानं पुसणं थांबलं, उरलेली मिरची वाचली आणि लग्न थाटात लागलं. शकुन सासरी निघाली, तसा शालिकराम लेकीकडं डोळे भरून पाहत उभा राहिला. एवढ्यात पुंजारामची बायको मैनाबाई लगबगीनं पुढं आली आणि तिनं सुनेच्या गालावर काजळाचं ठसठशीत बोट लावलं.

"राग नका मानू व्याही," ती म्हणाली. "पन तुमी लय वेळचे पाहून राहिले!"