वाकलेली सून

सिहोऱ्याच्या बांधीत, भाताच्या चिखलखाचरात, रत्नाबाई सकाळपासून चिडलेली होती. रोवणी आजच संपवायला हवी होती. उद्या सगळ्या बाया पुंडलिकरावांच्या शेतात जाणार होत्या आणि उपटून पेंढ्या बांधलेले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, तसेच वाळून गेले असते. त्यात आज दोन बाया आल्याच नाहीत, म्हणून एकीच्या जागी तिने नव्या सुनेला चिखलात उतरवले. सत्यवती जवाहरनगरच्या, कारखान्याच्या क्वार्टरात वाढलेली. "तिले चिखल जमन का?" असे गावाने लग्नातच विचारून ठेवले होते. तोही राग होताच.

सत्यवती वाकली ती मात्र वेगळीच. काही माणसांचे सांधे जन्मापासून सैल असतात, त्यांतली ती. बाकीच्या बायांच्या पाठी वाकताना कमानीसारख्या गोल होत. ही कमरेतून पेटीच्या झाकणासारखी मिटली. पाठ सपाट, गुडघे उलटे मागे गेलेले, पोट मांड्यांना टेकलेले. बाया घडीघडी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. ही उठेचना.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या सासऱ्यांनी, मारोतरावांनी, हे पाहिले आणि ते ताडकन उठले.

"अवं, सुनेच्या कमरेत चमक भरली! मोडल्यावानी दिसून राहिली!"

"तिले काही नाही झालं! पेंढ्या फेका तुम्ही!" रत्नाबाई ओरडली.

पण मारोतराव धनीरामला आणायला धावलेसुद्धा. धनीराम पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशा माणसाची लाथ बसली की चमक निघते, हे सिहोऱ्यात कोणीही सांगेल. रोग्याला आधी न सांगता लाथ मारायची, हा त्याचा नेम. धोतर खोचून तो चिखलात उतरला आणि त्याने मागून पाय उचलला.

सत्यवतीचे डोके गुडघ्यांपाशी होते. पायांमधून तिला मागचे सगळे दिसत होते. पाय येताना दिसला तशी ती ताडकन उभी राहिली. लाथ हवेत गेली, धनीरामच्या कमरेत कळ आली आणि तो वाकला तो वाकलाच.

"काहून जी, लाथ कायले मारून राहिले मले?" सत्यवती कडाडली.

"तू अडकली होती ना, माय..."

"अडकली नोहती, लावून राहिली होती! सगळ्यायच्या पुढं हाओ मी!"

बाया हसता हसता चिखलात बसायच्या राहिल्या. काम थांबले. रत्नाबाईचा राग मस्तकात गेला.

"खिदळता काय? दिवस थांबून राहिला का तुमच्यासाठी? आन् तुम्ही जी, पेंढ्या सोडून गावचे पाय आणता!"

"वहिनी, मले उठवा," धनीराम कण्हला. "दुसरा पायाळू आणा कोणी."

"दुसरा कुठचा? गावात तू एकटाच," मारोतराव म्हणाले.

"मी हाओ ना," सत्यवती म्हणाली. "मी बी पायाळूच. वाका, बाबाजी."

"वाकलोच हाओ, माय!"

सत्यवतीने पदर खोचून पाय उचलला. तेवढ्यात रत्नाबाई मध्ये आली.

"थांब. लाथ संध्याकाळी."

तिने एक पेंढी सोडली आणि धनीरामच्या हातात कोंबली.

"एक बाई कमीच हाय. वाकलेच हाय, तं लावा."

दिवस बुडायच्या आत रोवणी संपली. धनीरामची ओळ तेवढी नागमोडी निघाली होती. रत्नाबाईने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि सुनेकडे वळली.

"आता मार. जोरानं."